नानावणे : अर्थ आणि उपयोग

मोठ्या माणसांची नावं रस्त्यांना देतात, चौकांना देतात, फार तर एखाद्या शाळेला देतात. पण ज्याच्या नावाचं चक्क क्रियापद झालं असा माणूस अख्ख्या पालघर जिल्ह्यात एकच, आणि तो म्हणजे माझे सासरे. घरात आणि गावात त्यांना सगळे नाना म्हणतात आणि त्या नानांवरूनच 'नानावणे' हे क्रियापद निघालं. शब्दकोशात ते सापडायचं नाही, कारण शब्दकोश करणारी मंडळी आमच्याकडे कधी जेवायला आली नाहीत. आली असती तर पहिल्या पंगतीतले पोट धरून उठले असते, शेवटच्या पंगतीतल्यांनी मीठ-लिंबू चाटून हात धुतले असते आणि दोघांनाही शब्दाचा अर्थ वेगळा सांगायची गरज पडली नसती.

मी लग्न होऊन नाशिकहून जव्हारला आले त्याच आठवड्यात हा शब्द माझ्या कानावर पडला. पोळ्यांना तूप लावत होते. माझी नणंद शेजारी बसून बघत होती. ती अगदी सहज म्हणाली, "वहिनी, नानावू नका हं. अजून निम्म्या पोळ्या बाकी आहेत." मला वाटलं, इकडची बोली असेल. डोंगरपट्ट्यात आलोय, चार शब्द नवे असायचेच. म्हणून मी तो मुकाट्यानं शिकून घेतला आणि बाजारात भाजीवालीशी बोलताना वापरूनही पाहिला. तिलाही तो समजला. हा शब्द समोर पाटावर बसून भाकरी खाणाऱ्या, जाड भिंगांचा चष्मा लावलेल्या, उंच आणि सडपातळ माणसाचा आहे हे मला पुढे कितीतरी दिवसांनी कळलं, आणि तेही त्यांच्याच तोंडून. "हा शब्द माझ्यावरून आलाय बरं का," असं ते पाहुण्यांना स्वतः सांगत, आणि असं सांगत की जणू तो किताब आहे.

अर्थ असा. हातात जे काही असेल ते वाटताना पहिल्याला भरभरून द्यायचं. दुसऱ्याला वाटेल की मला कमी, म्हणून त्याला थोडं जास्तच द्यायचं. तिसरा कमी खाणारा दिसतोय, त्याला संकोच वाटू नये म्हणून न विचारताच वाढायचं. मग चौथ्याच्या समोर आल्यावर पातेल्याचा तळ दिसतो, तेव्हा चष्मा वर करून तळाकडे बघायचं आणि "अरेच्चा" म्हणायचं. याला नानावणे म्हणतात. भाजी नानावते, चहा नानावतो, मुलांची मे महिन्याची सुट्टी पहिल्या आठवड्यातच नानावते. आमच्या ह्यांच्या कचेरीत एकानं वर्षभराची रजा पावसाळ्याच्या आत संपवली, तर तिथले साहेब, जे मूळचे सोलापूरचे, तेसुद्धा "तुम्ही रजा नानावलीत" असं म्हणाल्याचं ऐकिवात आहे. माझी नणंद तर म्हणते की आमच्याकडचा पाऊसही नानावलेलाच. जव्हार-मोखाड्यावर चार महिने असा कोसळतो की दाराबाहेर पाऊल टाकता येत नाही, आणि एप्रिल आला की पाड्यापाड्यांवर बायका टँकरची वाट बघत विहिरीच्या काठावर बसलेल्या. वरही कुणीतरी नाना बसलेले असावेत, असं तिचं मत आहे.

इथे एक फरक सांगितला पाहिजे, नाहीतर नानांवर अन्याय होईल. नानावणे म्हणजे उधळणे नव्हे. उधळ्या माणसाला हातातल्या वस्तूची किंमत नसते. नानांना ती पुरेपूर होती. भाताचं एक शीत ताटाबाहेर पडलेलं त्यांना खपत नसे. त्यांची अडचण वेगळीच होती. त्यांना समोरचा माणूस दिसायचा आणि फक्त समोरचाच दिसायचा. एकदा मी धीर करून त्यांना विचारलं, "नाना, मागे अजून लोक आहेत हे तुमच्या लक्षात कसं येत नाही?" त्यांनी माझ्याकडे, माझीच काहीतरी समजुतीत चूक होतेय अशा नजरेनं पाहिलं. "लक्षात येतं की," ते म्हणाले. "पण हा इथे पान मांडून बसलाय. याला मी सांगू, की बाबा तू अर्ध्या पोटी ऊठ, कोपऱ्यात एक जण अजून यायचाय? तो येईल तेव्हा त्याचं बघू." 

खोडाळ्याच्या पुढे एका पाड्यावर नाना शिक्षक होते. शाळा एकशिक्षकी, म्हणजे वर्ग सगळे आणि गुरुजी एक. तिथेही त्यांनी अभ्यासक्रम वाटला तो स्वतःच्याच पद्धतीनं. इतिहासाच्या पुस्तकात पहिला धडा सिंधू संस्कृतीचा. नानांना तो फार आवडायचा. विटा कशा भाजल्या, गटारी कशा बांधल्या, विहिरींना कठडे कसे घातले, हे शिकवताना त्यांनी पोरांना ओढ्यावर नेऊन माती मळायला लावली, विटा पाडायला लावल्या, शाळेच्या मागे एक लहानशी गटार खरोखरीच बांधून घेतली. दिवाळी झाली, संक्रांत झाली, पुस्तक तिथंच. मग तपासणीला एक साहेब आले आणि त्यांनी एका मुलाला उभं करून विचारलं की आपला देश स्वतंत्र कसा झाला. मुलगा बराच वेळ विचार करून म्हणाला, "साहेब, गुरजी अजून तठं नाय पोचले. आमी विहिरीजवळच आहूं." साहेबांनी शेरा काय मारला ते नानांनी कधी सांगितलं नाही. पण त्या पाड्यातल्या घरांच्या मागे सांडपाण्याच्या गटारी आजही सरळ रेषेत आहेत, आणि नाना बरोबर जाईल त्याला त्या दाखवतात.

घर रंगवायचं निघालं तेव्हा रंग त्यांनी स्वतःच्या हातानं दिला. पुढच्या भिंतीला एक हात दिला, मग उजेडात ती जरा फिकी वाटली म्हणून दुसरा, मग दाराच्या दोन्ही बाजूंचा मेळ बसेना म्हणून तिसरा. पश्चिमेची भिंत, जिच्यावर सगळा पाऊस झोडपतो, तिच्या वाट्याला डब्याचा तळ पुसलेला फडका आला. अंगणात मोगऱ्याची रोपं लावली, त्यांतलं नळाजवळचं जास्त पाण्यानं कुजायचं आणि कुंपणाजवळचं वाळायचं. मधल्या रोपांनाच काय ती फुलं यायची. डोक्याला तेल लावायचे तर तळहातभर तेल कपाळावरच्या केसांत जिरायचं आणि मागचं डोकं कोरडं राहायचं. ते काम सासूबाई येता-जाता आपल्या हाताला लागलेलं तेल पुसून भागवत. नातवंडांना गोष्ट सांगायचे, त्यात राजाच्या राजवाड्याचे दरवाजे, दरवाज्यांवरचे पहारेकरी, पहारेकऱ्यांच्या मिशा, मिशांना लावायचं तूप, इथपर्यंत येता येता मुलं पेंगायला लागत, की नाना घाईनं म्हणत, "मग लढाई झाली, राजा जिंकला, म्हातारा झाला आणि मेला. झोपा आता." माझी मनू लहानपणी सगळ्यांना सांगायची की राजे लोक फार पटकन मरतात.

त्यांचा रागसुद्धा याच धर्तीचा. पाच-सहा मुलांनी मिळून खोडी काढली तर पहिल्या सापडलेल्याला ते असं झापत की शेजारचे गोळा होत. दुसऱ्याला नुसतं "आणि तू रे?" तिसऱ्यापर्यंत पोचेतो राग संपलेला असे, आणि त्याला ते खिशातली गोळीही देऊन टाकत. मुलांना हे गणित फार लवकर कळलं. गुन्हा झाला की ती रांगेत उभी राहत आणि पुढे उभं राहायची पाळी ठरवून घेत. पुढच्याला मग बाकीचे आपल्या गोळीतली अर्धी देत.

एवढं सगळं असूनही आमच्या घरातून माणूस कधी उपाशी परत गेला नाही, आणि त्याचं कारण सासूबाई. ठेंगण्या, कमी बोलणाऱ्या, पदर खोचून सतत काहीतरी करत असणाऱ्या. त्यांनी या माणसाशी कधी वाद घातला नाही. नाना पातेल्याला हात लावण्याआधी त्या त्यातलं थोडं काढून बाजूला ठेवत, एवढंच. या काढून ठेवलेल्याला घरात 'मागचं' म्हणत. भाताचं मागचं, आमटीचं मागचं, पाहुणे असतील तर चहाचंही मागचं. जागा दर वेळी निराळी. कधी कोठीत परातीखाली, कधी देवघराच्या फळीवर, एकदा तर धुवायच्या कपड्यांच्या बादलीत स्वच्छ धोतराखाली बासुंदीची कासंडी निघाली होती. नानांना हे समजता कामा नये हा घरातला पहिला नियम. समजलं तर ते मागचंही पुढे आणतील, अशी सगळ्यांना खात्री होती.

मी त्या घरात आले त्याच्या दुसऱ्या दिवशी पूजा होती आणि गावजेवण. श्रीखंड वाढायला अर्थातच नाना. पहिल्या पंगतीला माझ्या माहेरची मंडळी. माझे एक काका, ज्यांना गोड वर्ज्य होतं, त्यांच्या पानात त्यांनी इतकं श्रीखंड घातलं की काकूंना पुढचे चार दिवस माझ्या सासरच्या नावानं बोटं मोडावी लागली. शेवटच्या पंगतीला नानांच्या शाळेच्या पाड्यावरची माणसं बसली. सकाळपासून निघालेली, मिळेल त्या जीपला लटकत आलेली, आणि आल्यावरही पुढे यायला लाजून मांडवाच्या टोकाला उभी राहिलेली. नाना त्यांच्यासमोर आले आणि पातेल्यात बघून थबकले. मी नवी नवरी, नाकात नथ, मान वर करायची चोरी. पण मी पाहिलं. त्यांचा चेहरा इतका उतरला की मला त्यांची कीव आली. एवढ्यात सासूबाई कोठीतून आल्या, त्यांच्या हातातलं रिकामं पातेलं घेतलं आणि तेवढंच दुसरं भरलेलं दिलं.  नानांनी ते घेतलं, शेवटच्या माणसापर्यंत वाढलं, आणि हात धुताना सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बघितलंत? पुरलं. तुम्ही उगीच घाबरता."

हे वाक्य मी पुढची कितीतरी वर्षं ऐकलं. बारशाला, मुंजीला, दिवाळीच्या फराळाला. दर वेळी पुरायचं आणि दर वेळी नाना ते स्वतःच्या हाताला यश म्हणून जमा करायचे. आम्ही तोंड दाबून हसायचो. सासूबाई हसायच्या नाहीत. त्या म्हणायच्या, "असू दे. त्यांना द्यायला आवडतं." त्यांच्या स्वतःच्या ताटात बहुतेक वेळा तळाची खरवड असे, आणि ती आपल्याला आवडते असंही त्या म्हणायच्या. मला ते कधी खरं वाटलं नाही.

गेल्या पावसाळ्यात सासूबाई गेल्या. आजारपण फार नव्हतं, चालत्याबोलत्या गेल्या. दिवस झाले, पाहुणे पांगले, घर आपापल्या वळणावर आलं. नाना रडले वगैरे नाहीत. फक्त एक झालं. सकाळच्या चहाची किटली, जी त्यांच्याखेरीज कुणी धरायची नाही असा दंडक होता, ती ते माझ्याकडे सरकवू लागले. "तूच ओत. हात दुखतो हल्ली." मोगऱ्याला पाणी घालायचं बंद झालं. जेवताना वाढायला उठत नसत. मी म्हटलं, वय झालं. घरात सगळ्यांना सगळं सारखं मिळू लागलं, कपात चहा एकाच उंचीवर येऊ लागला. त्याचं सुख कुणालाच झालं नाही.

आणि अशात मनूचं लग्न ठरलं. सासर विक्रमगडचं, माणसं चांगली पण मानापानाच्या बाबतीत जरा कडक. आमच्या ह्यांनी पहिल्याच बैठकीत जाहीर केलं की जेवण बुफे. माझा समज असा आहे की बुफेचा शोध कुणातरी नानांच्या घरातच लागला असणार. पण मनू अडून बसली. पंगत हवी, आणि जिलबी नानाच वाढणार. लहानपणीच तिनं नानांकडून तसं कबूल करून घेतलं होतं आणि नानांनी तिच्याकडून. आमचे हे म्हणाले, "अगं, विक्रमगडकर पहिल्या पंगतीला. त्यांना नाना बादलीभर वाढतील, पुढे पाड्यावरचे लोक येतील त्यांना काय दाखवणार? आधी आई होती."  मनू म्हणाली, "नानांना विचारा तरी." विचारलं. नानांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "वाढीन की. वाढायलाच पाहिजे." आवाज काही मला त्यांचा वाटला नाही, पण लग्नघरात कुणाच्या आवाजाकडे लक्ष द्यायला वेळ असतो कुणाला?

लग्नाच्या दिवशी पहाटेच मी आचाऱ्याकडे गेले आणि तळून पाकातून काढलेल्या जिलबीतली एक मोठी परात उचलून कोठीत नेली. आचारी म्हणाला, "ताई, अंदाज माणसांवर काढलाय. ही बाजूला काढली तर पुढे तुटवडा येईल." मी म्हटलं, "येऊ दे." वर कागद घातला, त्यावर दुसरी परात पालथी घातली, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. कुणालाही सांगितलं नाही, ह्यांनाही नाही. तोपर्यंत मी सून होते, मुलीची आई होते, पण कोठीचं दार ओढून घेताना पहिल्यांदाच मला त्या घराची बाई झाल्यासारखं वाटलं.

पहिली पंगत बसली. विक्रमगडकर मांडी ठोकून, फेटे सांभाळत बसले. नाना पांढऱ्या धोतरात, हातात जिलबीचं ताट घेऊन आले. आमचे हे मांडवाच्या खांबाला धरून उभे होते. नानांनी पहिल्याच्या पानात दोन जिलब्या घातल्या. दुसऱ्याच्या पानात दोन. तिसऱ्याच्या दोन. व्याह्यांच्या समोर आले, तिथंही दोनच, आणि वाकून नमस्कार करून पुढे गेले. रांग संपली तेव्हा ताटात अजून जिलबी होती. माझी नणंद माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "वहिनी, हे नाना आहेत ना?" व्याही हात धुताना ह्यांना म्हणाले, "वाढण्याची शिस्त आहे हो तुमच्याकडे. नाहीतर लोक आधीच्यांना कोंबतात आणि मागचे बोंबलतात." आमचे हे इतके खूश झाले की त्यांनी व्याह्यांना दुसरा विडा दिला. दुसऱ्या पंगतीलाही तसंच. कुणी पान पुढे केलं तर नाना म्हणत, "पुढे माणसं आहेत." हे वाक्य त्यांच्या तोंडून मी जन्मात ऐकलं नव्हतं. सगळे म्हणत होते, नाना सुधारले. मला मात्र मंगलाष्टकांच्या वेळी न आलेलं रडू आता येतंय की काय असं वाटायला लागलं.

शेवटच्या पंगतीला पाड्यावरची माणसं बसली. नानांचे विद्यार्थी, आता स्वतःच आजे-आज्या झालेले. त्यांत बुधी होती. नानांनी शाळेच्या मागे गटार बांधून घेतली तेव्हा विटा वाहणाऱ्यांत ही सगळ्यांत पुढे, असं नाना नेहमी सांगत. तिच्या पानात त्यांनी दोन जिलब्या ठेवल्या आणि पुढे निघाले. बुधीनं पानाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"गुरजी, हात आखडला काय तुमचा?" ती म्हणाली. "तुमी पहिला असा नाय वाढायचे."

शेजारचे दोघे-तिघे हसले. नाना नाही हसले. ते तिथंच, ताट धरून, उभे राहिले. मी मठ्ठ्याची बादली घेऊन मागे होते म्हणून मला ऐकू आलं.

"पहिलं वेगळं होतं गं," ते म्हणाले. "पहिलं मागे ती असायची. मी कितीही घालवलं तरी ती काढून ठेवायची, कोठीत म्हणू नको, कपड्यांत म्हणू नको. मला काय ठाऊक नव्हतं? पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं. तिला वाटायचं मला कळत नाही, म्हणून मी कळू दिलं नाही. तिच्या जिवावर वाढत होतो मी. आता मोजूनच वाढायला हवं."

बुधी जिलबीला हात न लावता बसून राहिली. मला मात्र एकदम सगळ्याचाच राग आला, नानांचा, स्वतःचा, आम्ही तोंड दाबून हसायचो त्या सगळ्या वर्षांचा. कोण कुणाला चकवत होतं आणि हसणारे आम्ही कोण. 'पुरलं' असं ते ज्यांना ऐकवत होते ती हात धुणारी मंडळी नव्हतीच. ते स्वयंपाकघरात, खरवड घेऊन बसलेल्या बाईला सांगत होते की तुझं आलं, पोचलं, सगळ्यांना मिळालं. दुसऱ्या कशा शब्दांत सांगायची त्यांच्या पिढीत रीत नव्हती.

मी बादली खाली ठेवली आणि त्यांच्याजवळ गेले. "नाना," मी म्हटलं, "मागचं काढून ठेवलंय."

त्यांनी वळून पाहिलं. चष्म्याच्या भिंगांआड त्यांचे डोळे फार मोठे दिसतात. "कुणी?"

"मी."

"किती?"

आता इथे खरं सांगायचं तर एक परात. पंगत लांबच लांब होती, आणि पंगतीमागे आचारी, वाजंत्रीवाले, घरचे आम्ही सगळे अजून जेवायचे होतो. सासूबाईंनी काय उत्तर दिलं असतं ते मला माहीत नाही, कारण त्यांना हा प्रश्न नानांनी कधी विचारलाच नव्हता.

"आहे भरपूर," मी म्हटलं. "तुम्ही वाढा."

नानांनी हातातलं ताट सावरलं. मग त्यांनी बुधीच्या पानाकडे पाहिलं आणि वाकले. एक घातली, दोन घातल्या, मूठ भरून घातल्या. बुधी पानावर आडवे हात धरत म्हणायला लागली, "नको गुरजी, भरला पोट, आतां बास," आणि नाना तिच्या हातांच्या मधून, बाजूनं, वरून, जागा मिळेल तिथून जिलबी सोडत होते. तिच्या शेजारच्या म्हाताऱ्यानं आधीच दोन्ही हातांनी पान झाकून घेतलं. ताट बघता बघता उतरायला लागलं. खांबाजवळून आमचे हे मला खुणा करत होते, डोळे विस्फारून, की थांबव त्यांना.

मी कमरेची किल्ली चाचपली आणि कोठीकडे निघाले. पुरेल की नाही याची मला अजिबात खात्री नव्हती. सासूबाईंना तरी दर वेळी ती असायची का, हे त्यांना विचारायचं राहूनच गेलं.